नाना वास्कोन्सेलोसचा 'सौदादेस': आवडायला लागलाय की नुसती सवय झालीय?

आडताल

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे. नाना वास्कोन्सेलोस हा ब्राझीलचा तालवादक. त्याचा 'सौदादेस' हा अल्बम १९७९ साली जर्मनीत लुडविग्सबुर्गला ध्वनिमुद्रित झाला आणि म्युनिकच्या ईसीएम कंपनीने काढला. पहिलाच तुकडा, 'ओ बेरिंबाव', जवळजवळ १९ मिनिटांचा. बेरिंबाव म्हणजे लाकडी धनुष्य, त्याला एक तार आणि खालच्या बाजूला बांधलेला भोपळा. संपलं वाद्य. मागे स्टुटगार्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्रातली तंतुवाद्यं येतात-जातात, मधे बराच वेळ हा गडी एकटाच असतो.

मी शाळेत असताना तबला शिकलोय, विशारदच्या अलीकडे सुटला. त्यामुळे तालवाद्याचा अल्बम म्हटला की माझ्या अपेक्षा ठरलेल्या: पेशकार, कायदा, रेला, एखादी दमदार तिहाई आणि समेवर 'क्या बात है'. इथे त्यातलं काहीच मिळेना. पहिल्या वेळी अर्ध्यातच फोनवर बातम्या वाचायला लागलो होतो. पण भाच्याने मोठ्या प्रेमाने दिलेला, आणि "मामा, ऐकलंस का" म्हणून दर आठवड्याला विचारणार, म्हणून गाडीत लावून ठेवला. चांदणी चौकात अडकून पडलं की दुसरं करायचं तरी काय?

आता अवस्था अशी की तो तार दाबून धरतो आणि भोपळा हळूच पोटापासून लांब नेतो, ती जागा जवळ आली की मी आवाज वाढवतो. बायको म्हणते, तुला सवय झालीय. भाचा म्हणतो, मामा, तुला कळायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं? आणि जाणकारांनी हेही सांगा की यात ऐकायचं नेमकं काय असतं.

बोरीबंदर

शीर्षकात 'नाना' वाचून धावत आलो, म्हटलं उत्तर पेशवाईवर धागा निघाला. आता आलोच आहे तर बसतो. चहा कोण आणतंय?

स्पष्टवक्ती

काकूंना अनुमोदन. सवयच ती.

तुमचा अल्बम शोधून पूर्ण ऐकला. प्रामाणिकपणे सांगते, आमच्याकडे गोंधळ्याने तुणतुण्यावर १९ मिनिटं हेच केलं असतं तर "आता आख्यान सुरू करा की" असा आवाज पाचव्या मिनिटाला आला असता. तेच जर्मनीतल्या स्टुडिओत केलं, मुखपृष्ठ जरा गंभीर ठेवलं की ते 'ध्यानमग्न' होतं. गोऱ्यांनी वाखाणलं की आपणही मान डोलवायची.

ता.क. याच अल्बममधला 'सेगो आदेराल्दो' हा तुकडा मात्र मस्त आहे. त्यात गिटार आहे म्हणून असेल.

दशमी_भाकरी

@स्पष्टवक्ती, आमच्या गावचा गोंधळी पहाटेपर्यंत वाजवतो आणि कोणी उठत नाही. उठायची हिंमत नसते. देवीचा कोप, दुसरं काय. :)

तिरकिटधा

आडताल, तुमचा तबलाच तुमच्या आड येतोय असं माझं मत. आपला कान समेवर बसलेला असतो. आवर्तन कुठे सुरू झालं, खाली कुठे, पुन्हा पहिल्या मात्रेवर कधी येणार, हा हिशोब आत चालूच राहतो. ब्राझीलच्या तालात हा हिशोब सुरुवातीलाच गंडतो. साधा सांबा घ्या. दोन मात्रांचा ठेका. त्यातला सगळ्यात मोठा ढोल, सुर्दो, आपला जड ठोका दुसऱ्या मात्रेवर टाकतो. पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देणारा सुर्दो असतो, पण तो चढ्या आवाजाचा. आपण वजन दिसेल तिथे सम धरतो आणि मग सगळं उलटं ऐकू येतं. मी बरेच दिवस सांबा असाच उलटा ऐकत होतो आणि तोही मजेत!

नानाच्या या तुकड्यात तर ठेकाही सलग धरलेला नाही. म्हणून माझा सल्ला: मात्रा मोजणं सोडा. एकच आघात घ्या आणि तो संपेपर्यंत ऐका. आपल्याकडे डग्ग्यावर घिस्सा मारताना मनगट सरकवून 'गे'चा आवाज वर नेतो ना, त्या मिंडेवर जीव टाकणारा माणूस इथे उपाशी राहायचं कारणच नाही.

आडताल

हे पटलं. डग्ग्याच्या मिंडेचं लक्षात आलं नव्हतं. पण भोपळ्याने नेमकं काय होतं ते कोणी सांगेल का? व्हिडिओत हात इतके भरभर चालतात की काही दिसत नाही.

मलखांब

मी सांगतो. मुंबईत कपोएरा (ब्राझीलची नाचासारखी लढायची कला) शिकायला जायचो, तिथे बेरिंबाव वाजवणं सक्तीचं होतं. लाथा मारायला गेलो आणि करंगळीला घट्टे पाडून आलो.

झालंय असं. धनुष्याचा दांडा बिरिबा नावाच्या लाकडाचा, चांगला चार-पाच फूट. तार पोलादी, ती बऱ्याचदा जुन्या टायरच्या आतून सोलून काढतात. भोपळा सुतळीच्या फासाने दांड्याला आणि तारेला एकत्र आवळलेला असतो. त्या फासाखाली डाव्या हाताची करंगळी घालायची. सगळ्या वाद्याचा भार त्या एका करंगळीवर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक नाणं किंवा चपटा दगड. उजव्या हातात बारीक काडी, आणि त्याच हाताच्या बोटांत काशिशी अडकवलेली. काशिशी म्हणजे वेताची विणलेली छोटी टोपली, आत बिया, तळाला भोपळ्याच्या कवचाची चकती. काडी तारेवर पडली की काशिशी आपोआप खुळखुळते.

आता आवाज. नाणं लांब असताना तार मोकळी वाजते. नाणं दाबून धरलं की सूर साधारण एका स्वराने चढतो. नुसतं टेकवलं की तार झणझणते, सतारीच्या जव्हारीसारखी नाही, जरा चिडकी. झाले तीन आवाज. आणि हे चालू असताना भोपळ्याचं तोंड पोटावर टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. टेकलं की आवाज कोंडतो, उचलला की फुलतो. आडतालना जी जागा आवडते ती हीच. तार एकदाच वाजलेली असते आणि नंतर जे होतं ते पोटाचं काम.

पहिले दोन महिने मला फक्त झणझण जमत होती. त्यामुळे १९ मिनिटं ते धनुष्य करंगळीवर पेलून असं वाजवणारा माणूस मला आधी पैलवान वाटतो, मग कलाकार.

बोरीबंदर

पोटाचं काम असेल तर माझ्याकडे वाद्याचा निम्मा भाग तयार आहे.

चिमुकली_हलगी

हसून हसून पुरेवाट! बोरीबंदर, तुमच्याकडे भोपळाही आहे म्हणा की.

मलखांब, सुंदर प्रतिसाद. कपोएरात तीन बेरिंबाव असतात ना? ते का?

मलखांब

हो. सर्वांत मोठ्या भोपळ्याचा गुंगा, तो चाल धरतो आणि खेळाची लयही तोच ठरवतो. मधला मेदिओ. सर्वांत लहान व्हिओला, तो मोकाट सुटतो. सोबत पांदेरो (मोठी खंजिरीच समजा, झांजांसकट), आगोगो नावाच्या जोडघंटा, आणि आताबाकी हा उंच ढोल. गुंगाने चाल बदलली की खेळणाऱ्यांनी खेळ बदलायचा. म्हणजे तिथे वाद्य हुकूम देतं. नानाने तो हुकूमदार कपोएराच्या रिंगणातून उचलला आणि एकट्याला बसवला मंचावर. बेरिंबाव स्वतंत्र वाजवायचं वाद्य म्हणून जगभर पोचलं त्यात त्याचा वाटा फार मोठा. आमचे शिक्षक मात्र त्याच्यावर थोडे नाराज असायचे. म्हणायचे, खेळच नसेल तर बेरिंबाव कुणाला सांगतोय?

स्पष्टवक्ती

तुमच्या शिक्षकांना माझा नमस्कार सांगा. माझं म्हणणं वेगळं काय आहे? गोंधळ्याच्या तुणतुण्यामागे आख्यान असतं, संबळ असतो, दिवटी असते, समोर ज्यांच्या घरचं लग्न झालंय ती माणसं असतात. ते सगळं काढून नुसती तार ठेवली की उरतं काय?

तिरकिटधा

उरतं ते तबल्याच्या एकल वादनात उरतं तेच, ताई. तबलाही साथीचाच होता. गाणारा, नाचणारी, दोघं काढून टाकून माणसं तासभर नुसता तबला ऐकायला लागली याला काही फार शतकं झालेली नाहीत. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, गाणं सुरू करा की.

स्पष्टवक्ती

हं. विचार करते.

फोंडेकर

गोव्याहून नमस्कार. धाग्यावर अजून कुणी "पोर्तुगीजांमुळे ब्राझील आणि गोवा भाऊ भाऊ" असं म्हटलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच म्हणतो आणि मीच खोडतो. काजू आमच्याकडे ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला हे खरं. पण बेरिंबाव पोर्तुगीजांचा नाही. तो अंगोला आणि आसपासच्या भागातून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर गेला. अंगोलात आजही हुंगू नावाचं जवळजवळ असंच वाद्य आहे. ब्राझीलमध्ये जिवंत उतरलेल्या अशा आफ्रिकी माणसांचा अंदाज सुमारे ४८ लाखांचा आहे. गुलामगिरी तिथे १८८८ पर्यंत कायद्याने चालू होती आणि ती उठल्यावर दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत, कपोएरा खेळणं गुन्हा ठरलं. २०१४ साली त्याच कपोएराच्या रिंगणाला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला.

आता खरी गंमत. असंच धनुष्य आपल्याही किनाऱ्यावर आहे. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बाबा गोरचा दर्गा आहे, तिथले सिद्दी लोक मलुंगा वाजवतात. धनुष्य, एक तार, भोपळा, काडी आणि सोबत खुळखुळा. आफ्रिकेतून माणसं दोन दिशांना नेली गेली आणि वाद्य दोन्हीकडे तगलं. जंजिऱ्याच्या सिद्दीमुळे आपल्याला हे लोक फक्त किल्ला आणि तोफांपुरते आठवतात. मलुंगा ऐका आणि मग 'ओ बेरिंबाव' लावा, मला तरी दरवाजा तिथून उघडला.

आडताल

फोंडेकर, मलुंगा हे नावच पहिल्यांदा ऐकलं. ध्वनिमुद्रण मिळालं की ऐकून सांगतो.

रतनगडकर

वाचनखूण साठवली. नुसत्या या प्रतिसादासाठी धागा वसूल.

अवांतर: फोंडेकर, तुमच्याकडच्या घुमट या मातीच्या वाद्याला अजून घोरपडीचंच कातडं लावतात का हो?

फोंडेकर

नाही. घोरपड कायद्याने संरक्षित आहे. आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर केलं त्यालाही हेच बळ मिळालं, की आता वाजवायला चोरी नाही. आवाजात फरक पडला म्हणणारे म्हातारे आहेत. आमच्या गणपतीत कोणाला फरक कळलेला बघितला नाही.

जुनी_तबकडी

उशिरा आलो. हा अल्बम माझ्याकडे तबकडीवर आहे, फोर्टातल्या फुटपाथवर मिळाला होता, वरचं पुठ्ठ्याचं वेष्टन वाळवीने अर्धं खाल्लेलं. पहिल्या बाजूला 'ओ बेरिंबाव' आणि मागोमाग 'व्होझेस' हा तीन-सव्वातीन मिनिटांचा तुकडा. ही बाजू संपली की उठून तबकडी उलटायची, आणि त्या उठण्यात जो खंड पडतो तो या संगीताला हवाच असतो. सलग पाच तुकडे गाडीत ऐकू नका असं माझं सांगणं.

आणि तुम्ही मंडळी एक मोठी गोष्ट विसरताय. हा नाना तबल्याच्या शेजारी बसलेला माणूस आहे! 'सौदादेस'च्या काही महिने आधी, सप्टेंबर १९७८ मध्ये, त्याच लुडविग्सबुर्गच्या स्टुडिओत 'कोदोना' या तिघांच्या मेळाचा पहिला अल्बम झाला. कॉलिन वॉलकॉट, डॉन चेरी आणि नाना, तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून 'कोदोना'. हा वॉलकॉट अमेरिकन, पण सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखांकडे शिकलेला. म्हणजे अल्लारखांच्या शिष्याचा तबला आणि नानाच्या गावचं, म्हणजे ब्राझीलमधल्या रेसिफेचं, बेरिंबाव एकाच खोलीत. १९८४ मध्ये वॉलकॉट युरोपच्या दौऱ्यावर मोटार अपघातात गेला. त्याचा 'ओरेगन' नावाचा दुसरा मेळ होता, त्यात पुढे त्याच्या जागी कोण आलं? आपला मुंबईचा त्रिलोक गुर्टू. शोभाताई गुर्टूंचा मुलगा. आणि १९९१ च्या त्रिलोकच्या 'लिव्हिंग मॅजिक'वर नाना आहे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिकेच्या घरापासून रेसिफेपर्यंतचा रस्ता असा दोन वळणांत संपतो.

आडताल, तुम्ही आधी 'कोदोना' ऐका. तबलजीला ती पायरी सोपी पडेल.

तिरकिटधा

काका, लाख बोललात. त्याच वर्षीचा 'प्लॅनेट ड्रम'ही सांगा ना. मिकी हार्ट या अमेरिकन ड्रमवादकाने जमवलेला. झाकीरभाई, विक्कू विनायकरामांचा घटम, नायजेरियाचे ओलातुंजी आणि ब्राझीलचा आयर्तो मोरेरा. जागतिक संगीताच्या विभागातलं पहिलंवहिलं ग्रॅमी त्याला मिळालं. झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले त्या रात्री मी तोच लावून बसलो होतो.

चिमुकली_हलगी

ब्राझीलचं म्हणाल तर मला ती कुईका फार आवडते. माकड खिदळल्यासारखी वाजते. सांब्यात हमखास असते. हाताने बडवत नाहीत म्हणे, मग वाजते कशी?

मलखांब

ढोलाच्या आतून कातड्याच्या मध्यावर एक बारीक काडी बसवलेली असते. ओलं फडकं घेऊन आत हात घालायचा आणि काडी चोळायची. दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून कातड्यावर दाबून सूर वर-खाली करायचा.

दशमी_भाकरी

मग ही आपल्या नंदीबैलवाल्याच्या गुबुगुबुची चुलत बहीण झाली! तोही वाकडी काठी कातड्यावर घासूनच 'गुबु गुबु' काढतो. फक्त तिथे मान नंदी हलवतो आणि इथे लोक.

संपादक

कुईका आणि नंदीबैलावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. इथे अल्बमवर राहू या.

दशमी_भाकरी

नंदीबैलाने मान हलवली. काढतो.

सई_साओपावलोकर

मूळची कराडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं साओ पावलोत. इथल्या लोकांना हा अल्बम फारसा माहीत नाही हे आधी सांगून टाकते. आमच्या इमारतीतल्या कोणालाही विचारा, नाना म्हणजे रेसिफेच्या कार्निव्हलचा माणूस. 'सौदादेस' हे युरोपातल्या रसिकांचं प्रकरण.

रेसिफेला कार्निव्हलची सुरुवात मार्को झेरो या बंदरालगतच्या चौकात होते. अनेक वर्षं ती सुरुवात नानाने केली, शेकडो माराकातू वादकांना एकत्र उभं करून. माराकातू म्हणजे एकेकाळी गुलामांमधून निवडल्या जाणाऱ्या 'कोंगोच्या राजा'च्या राज्याभिषेकाची मिरवणूक, आजही त्यात राजा-राणी, छत्री, दरबार सगळं असतं. त्यातला मोठा ढोल आल्फाया. लाकडी खोड, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं, दोरीने आवळलेलं. जाड टिपऱ्यांनी वाजवतात. शेजारी गोंगे नावाची लोखंडी घंटा आणि कातडी ताशासारखा काइशा. आम्ही गेलो तेव्हा नाना हयात नव्हता, तो मार्च २०१६ मध्ये गेला. चौकात त्याचा पुतळा आहे. आल्फाया एकदम सुरू झाल्या तेव्हा माझ्या लेकीने कानांवर हात ठेवले आणि नवऱ्याने पोटावर. कानापेक्षा बरगड्यांत जास्त वाजतं ते.

घरी आल्यावर 'सौदादेस' पुन्हा लावला. तोच माणूस. शेकडो ढोल हाताच्या इशाऱ्यावर उठवणारा आणि बसवणारा, तो इथे एक तार आणि एक खुळखुळा घेऊन बसलाय आणि तरी त्याला घाई नाही. तेव्हापासून मला १९ मिनिटं लांब वाटलेली नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. ती व्हायोलिनं. मला ती उपरी वाटतात. कोणीतरी चांगल्या कांदेपोह्यांवर चीज किसलंय.

जुनी_तबकडी

सई, तक्रार जुनी आहे आणि बरेच जण करतात, पण मी व्हायोलिनांच्या बाजूने. ती जोडणी नानाचा जिवाभावाचा मित्र एगबेर्तो गिस्मोंतीने केलीय, कंपनीने परस्पर चिकटवलेली नाही. दोघांनी १९७६ मध्ये ओस्लोत 'दान्सा दास काबेसास' केला होता, फक्त दोघांत. आणि नाना स्वतः आपल्यावरच्या प्रभावांत दोन नावं सांगायचा: अमेरिकन रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स आणि हेतोर विला-लोबोस. विला-लोबोस म्हणजे ब्राझीलचा सर्वांत मोठा सिंफनीवाला. ती तंतुवाद्यं तिथून आलीत. आणि चिडकी झणझण हेंड्रिक्सकडून, असं मी म्हणतो. सिद्ध करायला सांगू नका.

सई_साओपावलोकर

हेंड्रिक्सचं मान्य. चीजवर मी ठाम.

झोपाळू_मांजर

मी मानसशास्त्र शिकवते म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आपोआप थोडी आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्सने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. अर्थ नसलेले शब्द, अनोळखी चित्रलिपी, काहीही. तेव्हा आडताल यांच्या सौ. तत्त्वतः बरोबर आहेत.

बोरीबंदर

त्या न्यायाने शेजारच्या चिरंजीवांची सायलेन्सर काढलेली बुलेट मला एव्हाना प्राणप्रिय व्हायला हवी होती. झायोन्स साहेबांना डोंबिवलीत पाठवा.

झोपाळू_मांजर

:) आधीच नावडती असेल तर उलट जास्त नावडते, असंही दिसलंय. बुलेट तिथे मोडते.

आडताल

सगळे प्रतिसाद वाचले. मधल्या दिवसांत जुनी_तबकडी काकांचं ऐकून गाडीत लावणं बंद केलं, घरी हेडफोन घालून ऐकतोय. गाडीत भोपळ्याचा खालचा घुमारा एसीच्या आवाजात जात होता, तो आता मिळाला. तो नसेल तर या अल्बमचा अर्धा जीव गेला. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका.

झोपाळू_मांजर यांचा मुद्दा डोक्यात घेऊन बसलो होतो. नुसती सवय असती तर अख्खा अल्बम आवडायला हवा होता, कारण गाडीत पाचही तुकडे सारखेच फिरत होते. तसं झालेलं नाही. 'व्होझेस'मधले एकावर एक रचलेले आवाज माझ्या अंगावर अजून येत नाहीत, 'ओंदास' कधी सुरू होतो कधी संपतो पत्ता लागत नाही. 'ओ बेरिंबाव' मात्र दर वेळी काहीतरी नवीन देतो. परवा लक्षात आलं की काशिशी दर आघातासोबत वाजत नाही. मलखांब म्हणाले तशी ती आपोआप वाजायला हवी, पण हा माणूस तिला मधेच गप्प करतो आणि मधेच काडी तारेला न लावता एकटी हलवतो. म्हणजे एका हातात दोन वेगळे वादक. तेवढंच मागे घेऊन घेऊन ऐकलं. बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" आणि शेवटपर्यंत बसली. व्हायोलिनांच्या बाबतीत ती सईच्या पक्षात आहे.

मलखांब

काशिशी गप्प करायची तर मनगट न हलवता फक्त बोटांनी काडी मारावी लागते. करून बघा रिकाम्या हाताने. मला जमलेलं नाही.

स्पष्टवक्ती

बरं, मीही सांगून टाकते. 'सेगो आदेराल्दो' आवडला म्हणून तो कोण ते शोधलं. ईशान्य ब्राझीलच्या सेआराचा आंधळा लोककवी, १८७८ ते १९६७. जागच्या जागी कवनं रचायची आणि समोरच्याला कवनातच हरवायचं, असे सामने व्हायचे तिकडे. म्हणजे आपला कलगी-तुराच. मग तो तुकडा सवाल-जवाब समजून पुन्हा ऐकला, गिटारचा सवाल, तालाचा जवाब. छान बसतं. 'ओ बेरिंबाव'बद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण आता ते लावलं तर उठून जाणार नाही. एवढंच.

तिरकिटधा

ताई, देवीचा कोप झाला बहुतेक.

चिमुकली_हलगी

काशिशी आपल्याकडे कुठे मिळते का? बेरिंबाव नको, करंगळीची भीती वाटते.

मलखांब

मुंबई, पुणे, बंगळूरला कपोएराचे वर्ग आहेत, तिथे विचारा, कोणी ना कोणी मागवत असतं. वेताच्या विणीची घ्या, प्लास्टिकची नको. आणि तळाची चकती भोपळ्याची आहे ना ते बघा, आवाज तिच्यावर बिया आपटून येतो. बाजूला हलवली तर मऊ वाजते, चकतीवर आपटली तर कडक. दोन्ही वाजवून मगच पैसे द्या.

नवखा_पाहुणा

सगळा धागा वाचला नाही, वेळ नाही. ब्राझीलचं संगीत म्हणजे ते लंबाडावालं का? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला फार चालायचं.

जुनी_तबकडी

लंबाडाची ती गाजलेली तबकडी १९८९ साली निघाली ती पॅरिसहून आणि तिची चाल बोलिव्हियाची. पाहुणे, बसा. बोरीबंदर, चहा टाका.

बोरीबंदर

पहिल्या पानापासून मीच मागतोय चहा!